अतिवास्तववाद म्हणजे काय? सौंदर्य, आश्चर्य आणि निघोजचे रांजणखळगे

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात निघोज नावाचे गाव आहे. गावाजवळून कुकडी नदी वाहते. तिच्या पात्रातल्या काळ्या खडकात रांजणाच्या आकाराचे खोल, गुळगुळीत खळगे पडले आहेत. काही एकमेकांत मिसळलेले, काही एकटे, काहींत पाणी साठलेले. पहिल्यांदा पाहणारा माणूस आधी गप्प होतो आणि मग विचारतो, "हे कोणी केलं?"

उत्तर साधे आहे. पुराच्या पाण्यात भोवरे तयार होतात. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे एकाच जागी गोल गोल फिरत राहतात आणि खालचा खडक घासत जातात. हजारो वर्षे हे चालले की खडकात रांजण तयार होतो. गंमत अशी की हे कळल्यावरही आश्चर्य कमी होत नाही. उलट दगडाने दगड कोरला, आणि तोही कुंभाराच्या चाकासारखा फिरत, हे समजल्यावर माणूस पुन्हा वाकून पाहतो.

असे का होते? आश्चर्याचा आणि सौंदर्याचा संबंध काय? कारण कळले की आश्चर्य मरते, की वाढते? सुमारे १०० वर्षांपूर्वी पॅरिसमधील काही तरुण कवी-चित्रकारांनी हेच प्रश्न आपल्या कामाच्या मध्यभागी आणले. त्यांच्या चळवळीला इंग्रजीत सररिअ‍ॅलिझम आणि मराठीत अतिवास्तववाद म्हणतात. या लेखात आपण त्यांच्या कल्पना समजून घेऊ आणि त्या आपल्याकडे कशा लागू पडतात, कुठे पडत नाहीत, तेही पाहू.

अतिवास्तववाद म्हणजे नेमके काय?

रोजच्या बोलण्यात विचित्र दिसणाऱ्या कोणत्याही गोष्टीला 'सररिअल' म्हटले जाते. मूळ अर्थ त्याहून नेमका आहे. माणसाचे जागेपणीचे, हिशेबी मन वास्तवाचा एकच भाग पाहते, असे अतिवास्तववाद्यांचे म्हणणे होते. स्वप्ने, दबलेल्या इच्छा, योगायोग आणि बालपणीची भीती हाही वास्तवाचाच भाग आहे. हे दोन्ही भाग एकत्र आले की जे मोठे वास्तव दिसते, ते त्यांना हवे होते. म्हणून 'अति-वास्तव'. वास्तवापासून पळणे हा हेतू नव्हता. वास्तवाची व्याख्या रुंद करणे हा हेतू होता.

हा शब्द प्रथम वापरला कवी गियोम अपोलिनेर यांनी, १९१७ मध्ये. चळवळ म्हणून त्याला आकार दिला आंद्रे ब्रेतों (१८९६–१९६६) यांनी. त्यांचा पहिला जाहीरनामा ऑक्टोबर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

सुरुवात कुठून झाली?

पहिल्या महायुद्धातून. ब्रेतों वैद्यकाचे विद्यार्थी होते. १९१६ मध्ये सैन्याच्या मनोरुग्णालयात त्यांनी काम केले. युद्धाच्या धक्क्याने कोलमडलेले सैनिक तिथे येत. त्यांच्या असंबद्ध वाटणाऱ्या बोलण्यात विलक्षण ताकदीच्या प्रतिमा असतात, हे ब्रेतोंच्या लक्षात आले. त्याच काळात फ्रॉइड यांच्या कल्पना त्यांच्यापर्यंत पोहोचल्या. फ्रॉइड यांचा स्वप्नांवरील ग्रंथ १९०० साली आला होता. १९२१ मध्ये ब्रेतों त्यांना व्हिएन्नात जाऊन भेटले.

ज्या 'तर्कशुद्ध' युरोपने लाखो तरुणांना खंदकात मारले, त्या तर्कावर या पिढीचा विश्वास उरला नव्हता. त्यामुळे अतिवास्तववाद ही निव्वळ चित्रशैली कधीच नव्हती. जगणेच बदलले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. सुंदर कशाला म्हणायचे, हा प्रश्नही त्यांच्यासाठी त्या आग्रहाचाच भाग होता.

आश्चर्याला एवढे महत्त्व का?

युरोपातील जुन्या कलाविचारात सौंदर्य म्हणजे प्रमाणबद्धता, सुसंगती, शांतता. पुतळ्याचे अवयव मापात, चित्राची रचना तोललेली. अपोलिनेर यांनी १९१७ च्या एका व्याख्यानात सांगितले की नव्या कलेचे सर्वांत मोठे बळ आश्चर्यात आहे. पुढच्याच वर्षी पिएर रेव्हर्दी या कवीने प्रतिमेविषयी एक महत्त्वाचा विचार मांडला. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन गोष्टी जवळ आणल्या की प्रतिमा जन्मते. त्या जितक्या दूरच्या, आणि त्यांच्यातले नाते जितके खरे, तितकी प्रतिमा प्रभावी.

या विचारात दोन अटी आहेत, हे लक्षात ठेवायला हवे. अंतर हवे आणि नातेही खरे हवे. नुसते अंतर असेल तर विचित्रपणा होतो. नुसते नाते असेल तर घासून गुळगुळीत झालेली उपमा होते. चंद्रासारखा चेहरा म्हटल्यावर आज कोणी दचकत नाही.

ब्रेतोंनी यात एक बदल केला. अशा दोन गोष्टी कवीने ठरवून जवळ आणता येत नाहीत, त्या आपोआप भेटतात, असे ते म्हणाले. दोन विजेच्या तारा जवळ आल्या की ठिणगी उडते, तशी. या भेटीचे त्यांचे आवडते उदाहरण लोत्रेआमों या एकोणिसाव्या शतकातील कवीकडून आले होते. शवविच्छेदनाच्या टेबलावर शिलाई मशीन आणि छत्री योगायोगाने भेटतात, अशी ती कल्पना. तिन्ही वस्तू ओळखीच्या आहेत. एकत्र आल्या की मात्र प्रत्येकीची ओळख सैल होते. मशीनची सुई, छत्रीच्या काड्या आणि टेबलावरचे शरीर यांचा काही संबंध आहे का, असे मन शोधू लागते.

आश्चर्याचे काम नेमके इथे आहे. सवयीमुळे आपण वस्तू पाहायच्या सोडून फक्त ओळखतो. खुर्ची दिसली की बसतो, खुर्चीकडे पाहत नाही. आश्चर्य ही सवय क्षणभर तोडते.

झटके देणारे सौंदर्य: तीन प्रकार

१९२८ मध्ये आलेल्या 'नाद्या' या पुस्तकाच्या शेवटी ब्रेतोंनी एक अट घातली. सौंदर्याने अंगाला झटका दिला पाहिजे, नाहीतर ते सौंदर्यच नव्हे. त्यांनी वापरलेला शब्द वैद्यकातला आहे. आकडी येते तेव्हा शरीराला बसणाऱ्या आचक्यांचा तो शब्द. समजावताना त्यांनी स्टेशनात उभ्या असलेल्या आगगाडीचे उदाहरण दिले. ती सारखी हिसके देते, निघते निघते म्हणता निघत नाही. गती आणि थांबणे एकाच वेळी.

१९३७ च्या 'वेडे प्रेम' या पुस्तकात त्यांनी अशा सौंदर्याचे तीन प्रकार केले. नावे अवघड आहेत, पण अहिल्यानगर जिल्ह्यातच त्यांची उदाहरणे सापडतात. ही उदाहरणे अर्थात आपली आहेत, ब्रेतोंची नव्हेत.

पहिला प्रकार 'झाकलेले-कामुक'. इथे एक गोष्ट दुसरीसारखी दिसते आणि सजीव-निर्जीव ही सीमा पुसट होते. ब्रेतोंना गुहेतले चुनखडीचे आकार कापडाच्या चुण्यांसारखे दिसले. निघोजचा खडक पाहताना असेच होते. पाण्याने घासलेल्या त्या कडा खांद्यासारख्या, मांडीसारख्या, कणकेच्या गोळ्यासारख्या वाटतात. कठीण बेसाल्ट मऊ दिसू लागतो. मराठीने त्याला 'रांजणखळगा' म्हटले, म्हणजे शब्दातच नदीला कुंभार करून टाकले.

दुसरा प्रकार 'स्थिर-स्फोटक'. स्फोट होतो आहे आणि सारे थांबलेलेही आहे. ब्रेतोंच्या मनात होते जंगलात वर्षानुवर्षे सोडून दिलेले, वेलींनी गिळलेले रेल्वे इंजिन. अकोले तालुक्यात भंडारदरा परिसरात मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला, पावसाच्या तोंडावर, एखादे झाड काजव्यांनी भरून जाते. झाड जागचे हलत नाही, पण त्याच्या अंगभर प्रकाशाच्या लाटा धावत असतात. स्थिर-स्फोटक म्हणजे काय, हे त्या झाडाखाली उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरा प्रकार 'जादुई-प्रासंगिक', म्हणजे योगायोगाने हाती आलेली आणि आतल्या कुठल्या तरी प्रश्नाला उत्तर देणारी वस्तू. १९३४ मध्ये ब्रेतों आणि शिल्पकार अल्बेर्तो जाकोमेती पॅरिसच्या जुन्या बाजारात फिरत होते. जाकोमेतींना धातूचा एक अनोळखी मुखवटा मिळाला. ते तेव्हा एका शिल्पाच्या चेहऱ्यापाशी अडले होते. मुखवट्याने ती अडचण सुटली, असे ब्रेतोंनी लिहिले आहे. ब्रेतोंना एक लाकडी चमचा मिळाला. त्याच्या दांड्याखाली छोटा जोडा कोरलेला होता. जुन्या बाजारात काहीही घ्यायचे नसताना पाय थबकतो, तो अनुभव आपल्यालाही नवा नाही.

याच पुस्तकात ब्रेतोंनी स्फटिकांची स्तुती केली आहे. कलाकृती स्फटिकासारखी असावी: कठीण, चमकदार, आतून बाहेरून सारखी, आणि आपोआप घडलेली. कोणी घासून सुधारलेली नव्हे. राहुरी परिसर, विशेषतः मोमीन आखाडा, हिरवट ॲपोफिलाइट स्फटिकांसाठी जगभरच्या खनिज संग्राहकांना माहीत आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पसरला. तो थिजताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. नंतर त्यांत खनिजयुक्त पाणी झिरपले आणि पोकळीच्या भिंतींवर स्फटिक वाढले. हिरवा रंग व्हॅनेडियमच्या अत्यल्प अंशामुळे येतो. बाहेरून मातकट दिसणारा दगड फुटतो आणि आत हिरवी चमक असते. आश्चर्य आणि सुव्यवस्था एकत्र कशी असू शकतात, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

आश्चर्य घडवायचे कसे? त्यांच्या पद्धती

आश्चर्य ठरवून येत नाही. मग कलावंताने करायचे काय? अतिवास्तववाद्यांनी त्यासाठी अनेक युक्त्या शोधल्या. त्यांपैकी काही घरी करून पाहता येतात.

• स्वयंचलित लेखन: न थांबता, न खोडता, विषय न ठरवता भराभर लिहीत जाणे. ब्रेतों आणि फिलिप सुपो यांनी १९१९ मध्ये असे लेखन केले आणि १९२० मध्ये ते पुस्तकरूपात आले.

• घासचित्र: लाकडावर किंवा पानावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उमटलेल्या पोतातून आकार शोधायचे. मॅक्स एर्न्स्ट यांनी १९२५ मध्ये एका खानावळीतल्या फळ्यांच्या जमिनीवरून हे सुरू केले. आपण लहानपणी नाण्यावर कागद ठेवून जे करायचो, तेच.

• चिकटचित्र: जुन्या मासिकांतील, सूचीपत्रांतील चित्रे कापून नव्याने जोडणे. एर्न्स्ट यांनी अशा चित्रांच्या कादंबऱ्याच केल्या. पहिली १९२९ मध्ये आली.

• घडीचा खेळ: एकाने कागदावर डोके काढायचे, घडी घालून पुढच्याला द्यायचे, त्याने धड, तिसऱ्याने पाय. शेवटी कागद उघडायचा. हाच खेळ शब्दांनीही होतो. १९२५ च्या सुमारास सुरू झालेल्या या खेळाला पहिल्या खेपेस जमलेल्या वाक्यावरून 'उत्कृष्ट शव' असे नाव पडले.

• वस्तू: मेरेट ओपेनहाइम यांनी १९३६ मध्ये चहाचा कप, बशी आणि चमचा केसाळ कातड्याने मढवला. ही कलाकृती न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. कातडे हाताला हवेसे वाटते, ओठाला नकोसे. पाहणाऱ्याला दोन्ही एकदम जाणवते.

या यादीत रेने माग्रित यांचे म्हणणे वेगळे आहे. सुरुवातीला तेही अनोळखी वस्तूंच्या भेटी घडवत. मग त्यांनी पिंजऱ्यात पक्ष्याऐवजी मोठे अंडे असल्याची कल्पना केली. १९३३ च्या चित्रात ते अंडे आहे. पिंजरा आणि अंडे काही परके नाहीत. दोघांमध्ये पक्षी आहेच, फक्त तो दिसत नाही. तरीही धक्का बसतो, कदाचित अधिकच, कारण जन्माच्या आधीच कैद झालेली दिसते. जवळच्या गोष्टींतले न पाहिलेले नातेही आश्चर्य देऊ शकते, हा माग्रित यांचा शोध. रेव्हर्दी यांची 'खऱ्या नात्या'ची अट इथे परत येते.

मराठीत अतिवास्तववाद आला का?

चळवळ म्हणून नाही. जाहीरनामा, गट, हकालपट्ट्या असे काही मराठीत झाले नाही. पण या विचारांशी नाते सांगणारे काम महत्त्वाचे आहे.

बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) यांची 'रात्रीचा दिवस' ही कादंबरी १९४२ मध्ये आली. मनात विचार जसे येतात तसे, तुटक आणि उड्या मारत, त्यांनी कागदावर आणले. 'काही कविता' (१९४७) मधील प्रतिमांनी वाचक हादरले. पिंपात मेलेले उंदीर हा कवितेचा विषय होऊ शकतो, हेच अनेकांना मान्य नव्हते. त्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटलाही झाला.

गंमत अशी की याच मर्ढेकरांची सौंदर्यमीमांसा अतिवास्तववादापासून बरीच दूर आहे. 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथात ते सौंदर्य लयीत पाहतात. संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे. विरोधाला तिथे जागा आहे, पण तो रचनेच्या आत बसलेला आहे. ब्रेतोंना समतोलच नको होता. तरी एका ठिकाणी दोघे जवळ येतात. कवितेत दूरच्या दोन गोष्टी का जोडल्या जातात, याचे उत्तर मर्ढेकर 'भावनानिष्ठ समतानता' या कल्पनेने देतात. वस्तू वेगळ्या असतात, पण त्यांनी जागवलेली भावना सारखी असते. रेव्हर्दी ज्याला 'खरे नाते' म्हणतात, त्याचेच हे मराठी उत्तर मानता येईल.

पुढच्या पिढीत अरुण कोलटकर (१९३२–२००४) आणि दिलीप चित्रे (१९३८–२००९) यांनी रमेश समर्थ यांच्यासह 'शब्द' हे अनियतकालिक चालवले. जगभरची नवी कविता ते वाचत होते, त्यात फ्रेंच अतिवास्तववादीही होते. कोलटकर जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि जाहिरात क्षेत्रात चित्रकार म्हणून काम करणारे. 'अरुण कोलटकरच्या कविता' (१९७७) या संग्रहातील सुरुवातीच्या कवितांत शरीर, घर आणि वस्तू एकमेकांत घुसतात. पुष्कळ वाचकांनी त्यांना 'दुर्बोध' म्हटले. अडचण बहुधा अशी होते की आपण कोड्यासारखे उत्तर शोधत बसतो. प्रतिमा आधी डोळ्यांपुढे उभी करायची आणि मग अर्थाकडे जायचे, असा क्रम ठेवला तर यातल्या बऱ्याच कविता उघडतात.

चित्रकलेत प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे नाव घ्यावे लागते. त्यांच्या कॅनव्हासवर घड्याळ, पान, फळ अशा साध्या वस्तू एनॅमल रंगात, मोठ्या रिकाम्या अवकाशात तरंगतात. त्यात दचकवण्याचा हट्ट नाही. दोन वस्तूंमधली रिकामी जागाच काही सांगते आहे असे वाटते. 'कोरा कॅनव्हास' (१९९०) या पुस्तकात त्यांनी वस्तू, आकार आणि अवकाश यांविषयी साध्या मराठीत लिहिले आहे. चित्र कसे घडते हे जाणून घ्यायचे असेल त्यांनी ते जरूर वाचावे.

पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांचा १९६७ चा लघुपटही इथे आठवतो. राजस्थानच्या दृश्यांत छत्री, कंदील, जोडा अशा वस्तू काहीही न सांगता येत-जात राहतात. त्याला बर्लिन महोत्सवात लघुपटासाठीचे सुवर्ण अस्वल मिळाले.

मग संतांचे कूट अभंग अतिवास्तववादी म्हणायचे का?

हा प्रश्न अनेकदा विचारला जातो आणि तो नगर जिल्ह्याच्या अगदी जवळचा आहे. नेवासे इथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. अमृतानुभवही इथलाच, असे परंपरा मानते. ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेल्या एका अभंगात काट्याच्या टोकावर तीन गावे वसतात. मुक्ताबाईंच्या अभंगात मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते. दालीच्या चित्रात शोभाव्यात अशा या प्रतिमा आहेत.

साम्य खरे आहे. दोन्हीकडे अशक्य प्रतिमा नेहमीच्या विचाराला अडवते. पण फरकही तितकाच खरा आहे. कूट रचनेला किल्ली असते. गुरूकडून किंवा साधनेतून अर्थ उलगडतो, आणि तो एका निश्चित अनुभवाकडे नेतो. ब्रेतोंच्या मंडळींना किल्लीच नको होती. त्यांची प्रतिमा अचेतन मनाकडे जाते, ब्रह्माकडे नव्हे. म्हणून संतांना 'आपले अतिवास्तववादी' म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. जणू युरोपचा शिक्का बसल्याशिवाय मुंगीला उडता येत नव्हते! दिलीप चित्रे यांनी मात्र दोन्ही परंपरा पचवल्या. फ्रेंच कविता वाचणाऱ्या याच कवीने तुकाराम इंग्रजीत नेला आणि 'अनुभवामृत'चे भाषांतरही केले. ते १९९६ मध्ये साहित्य अकादमीने प्रसिद्ध केले.

आश्चर्याचा विचार भारतीय काव्यशास्त्रातही जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय आहे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त एक मत नोंदवले आहे. चमत्कार हेच प्रत्येक रसाचे सार, म्हणून सर्व रसांच्या मुळाशी अद्भुतच आहे. पण विस्मय आणि धक्का यांत फरक आहे. धक्का क्षणाचा असतो. विस्मयात मन पसरते.

नेवाशातच याचे मूर्त उदाहरण आहे. ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, तो दगडी खांब तिथे आहे. लोक त्याला 'पैसाचा खांब' म्हणतात. पैस म्हणजे विस्तार. दिसायला साधा खांब, पण नावात अवकाश सामावलेला. दुर्गा भागवत यांनी आपल्या ललित लेखसंग्रहाला 'पैस' (१९७०) हेच नाव दिले आणि त्यातला शीर्षकलेख या खांबावर आहे.

दाण्याची गोष्ट आणि आक्षेप

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. कारण कळले की आश्चर्य मरते का? या प्रश्नावरून अतिवास्तववाद्यांत खरोखर फूट पडली होती. १९३४ च्या डिसेंबरात ब्रेतों, तरुण विचारवंत रॉजे कायवा आणि काही मित्रांपुढे मेक्सिकोहून आलेले दाणे होते. ते अधूनमधून आपोआप उडी मारत. कायवा म्हणाले, दाणा फोडून पाहू, आत अळी असेल. ब्रेतोंना ते नको होते, फोडले की गूढ संपेल. दुसऱ्याच दिवशी पत्र लिहून कायवा यांनी गटाशी संबंध तोडले. जे आश्चर्य ज्ञानाला घाबरते ते खरे आश्चर्य नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. दाण्यात खरोखरच पतंगाची अळी असते. पुढे कायवा यांनी दगडांच्या आतल्या नक्षीवर १९७० मध्ये एक सुंदर पुस्तक लिहिले.

निघोजचा अनुभव कायवा यांच्या बाजूने साक्ष देतो. भोवरा आणि गोट्याचे कारण कळले तरी खळगा लहान होत नाही.

दुसरा आक्षेप क्युबाचे लेखक अलेहो कार्पेंतिएर यांचा. १९४९ च्या एका कादंबरीच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिले की युरोपात अद्भुत गोष्ट युक्त्यांनी जुळवावी लागते, छत्री आणि शिलाई मशीन एकत्र ठेवावे लागते. हैतीसारख्या देशात ती रोजच्या जगण्यात, श्रद्धेत आणि इतिहासात आहे. मेक्सिकोच्या फ्रीडा काहलो यांनीही अतिवास्तववादी हा शिक्का नाकारला. आपण स्वप्ने नाही, स्वतःचे वास्तव रंगवतो, असे त्या म्हणत.

तिसरा आक्षेप स्त्रियांविषयी. या चळवळीत स्त्री बहुतेकदा प्रेरणा, गूढ किंवा वेडाचे प्रतीक होती. नाद्या ही खरी तरुणी होती. तिला मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि ती तिथून परत आली नाही. पुस्तकाला कीर्ती मिळाली. झटका देणाऱ्या सौंदर्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न म्हणून टाळता येत नाही.

चौथा आक्षेप काळाने घेतला आहे. आश्चर्य शिळे होते. वितळणारी घड्याळे (दाली, १९३१) आज टी-शर्टवर दिसतात. जाहिरातींनी ही भाषा केव्हाच उचलली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की उडणारा हत्ती चहाच्या कपात काही सेकंदांत मिळतो. दूरच्या दोन वस्तू जोडणे फुकट झाले आहे. नेमके म्हणूनच रेव्हर्दी यांची दुसरी अट आज जास्त मोलाची ठरते. नाते खरे आहे का?

चित्रासमोर उभे राहिल्यावर

विचित्र वाटणाऱ्या चित्रासमोर किंवा कवितेसमोर 'यातून काय सांगायचंय?' हा प्रश्न थोडा मागे ठेवावा. आधी हे विचारून पाहावे:

• मला नेमके कुठे थबकायला झाले? कोणत्या दोन गोष्टी भेटल्या म्हणून?
• त्या भेटीत काही नाते जाणवते का: आकाराचे, स्पर्शाचे, भीतीचे, आठवणीचे?
• दुसऱ्यांदा पाहताना काय उरते? धक्का ओसरल्यावर पाहत राहावेसे वाटते का?
• घरी परतल्यावर एखादी रोजची वस्तू वेगळी दिसली का?

शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयोगी आहे. ओपेनहाइम यांचा कप पाहिल्यावर घरचा कप ओठांना लावताना क्षणभर काही आठवले, तर त्या कलाकृतीने आपले काम केले.

निघोजला जायचे असेल तर पाणी ओसरल्यावर, उन्हाळ्याच्या आसपास जावे. खळग्यांच्या कडा निसरड्या असतात आणि काही खूप खोल आहेत, म्हणून लहान मुलांचा हात सोडू नये. आणि एखाद्या उथळ खळग्याच्या तळाशी गोल झालेला गोटा दिसला तर तो घरी आणू नये. पुढच्या पुरात त्याचे काम अजून बाकी आहे.